ककणेराचं कवंडळ

बावीस वर्षं खाणीत टिपर चालवून गोपाळ गवसाला साधं खरचटलं नव्हतं. आणि श्रावणातल्या एका सकाळी, स्वतःच्याच न्हाणीच्या पायरीवर, बोटभर शेवाळानं त्याला असा काही आडवा केला की उजव्या पायाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. सुर्ला गावात ही बातमी पसरली तेव्हा माणसं भेटायला आली, खाटेपाशी हळहळली आणि अंगणात जाऊन पोटभर हसली. गोपाळला ते आतून स्पष्ट ऐकू येत होतं. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. दुसऱ्यांच्या पडण्यावर त्यानंही जन्मभर कमी दात काढले नव्हते.

त्याला काळजी पायाची नव्हतीच. चतुर्थी पंधरा दिवसांवर आली होती आणि माटोळी बांधणारा माणूस खाटेवर पडला होता.

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, शेंगा, झुपके बांधून ती भरून टाकतात. तीच माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड ही घरची मंडळी तिच्यात असतातच, पण तिची खरी ऐट असते ती रानातून आणलेल्या वस्तूंत. गवसांच्या घरात ह्यावर आणखी एक नियम होता. गोपाळचा बाप दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आला तेव्हा कपड्यांच्या गाठोड्याबरोबर हा नियमही घेऊन आला होता. माटोळीच्या मधोमध, नेमकं मूर्तीच्या मुकुटावर, कवंडळ लागायचं. कवंडळ म्हणजे रानवेलीचं लिंबाहून थोडं मोठं, लालभडक फळ. दिसायला राजबिंडं आणि चवीला असं कडू की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. हे मधलं कवंडळ विकतचं चालत नसे. घरच्या माणसानं रानात जाऊन खुडलेलं पाहिजे, आणि ज्यानं खुडलं त्यानंच ते बांधायचं.

वीसपंचवीस चतुर्थ्या ते गोपाळनं बांधलं. मग मधोमध नारळ लटकू लागला, कारण ज्या उतारावर ती वेल होती तो उतारच उरला नाही. खाण वाढत वाढत तिथवर आली आणि डोंगराची ती कूस कापून गेली. खाली लोहखनिज होतं, वरची माती नको होती. ती नको असलेली माती टिपरात भरून पलीकडच्या डंपावर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर, ओतणारा ड्रायव्हर दुसरा कुणी नव्हता, गोपाळच होता. एके दिवशी टिपरात पडलेल्या ढिगात त्याला वेलीचा हिरवा तुकडा दिसला होता, दोन कच्च्या फळांसकट. त्यानं गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली. शिफ्ट होती, पोट होतं. पुढं खाणही बंद पडली. पण तो तुकडा त्याच्या डोळ्यांपुढून काही हलला नाही, आणि त्याबद्दल तो बायकोशीही कधी बोलला नाही.

नारळ तर नारळ, निदान बाकीची माटोळी तरी तो स्वतः रान तुडवून आणत असे. यंदा तेही गेलं. डिचोलीला राहणारा धाकटा भाऊ दत्तप्रसाद पाय बघायला आला आणि जाता जाता म्हणाला, "दादा, तू कायएक काळजी करू नको. माटोळेचो बाजार भरतलो मरे डिचोलीत. एका फेऱ्येत सगळा हाडतंय."

"हाड," आण बाबा अशा सुरात गोपाळ म्हणाला आणि त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

ही खिडकी म्हणजे मुलाची, स्वप्नीलची हौस. गेल्या वर्षी त्यानं जुनी लाकडी झडपं काढून सरकत्या काळ्या काचा बसवल्या होत्या. आतून सगळं बाहेरचं दिसायचं, बाहेरून मात्र काच म्हणजे लख्ख आरसा. शेजारच्या मुली तिच्यासमोर उभ्या राहून केस नीट करत आणि आत खाटेवर गोपाळ पडलेला आहे ह्याचा त्यांना पत्ताच नसे. गोपाळ त्या काचांना रोज शिव्या घाली.

एके सकाळी पाववाला पोदेर भोंगा वाजवत निघून गेला आणि पाठोपाठ अंगणातल्या पेरूवर काहीतरी जड येऊन बसलं. फांदी वाकली. मग कुणीतरी सूप झाडावं तसा पंखांचा आवाज आला आणि खिडकीच्या गजावर, गोपाळच्या तोंडापासून हातभर अंतरावर, एक पक्षी उतरला.

गोपाळनं श्वास रोखला. ककणेर! शहरातली माणसं ज्याला धनेश म्हणतात, तो. आजवर त्यानं ककणेर पाहिले होते ते आभाळात, चारपाचाच्या ओळीनं कलकलाट करत जाणारे. असा समोर, काचेपलीकडं, पिसन् पीस मोजता येईल इतक्या जवळ कधीच नाही. काळा कुळकुळीत अंगरखा, पोट पांढरंशुभ्र. चोच केवढी, तर गोपाळच्या तळहाताहून लांब, पिवळीधमक, आणि त्या चोचीवर आणखी एक शिंगासारखी चोच ठेवलेली, काळा टिळा लावलेली. डोळे लालबुंद. आणि पापण्यांना चक्क केस! एवढ्या दांडग्या पक्ष्याला देवानं नव्या नवरीसारख्या पापण्या का द्याव्यात, हे गोपाळला कळेना. पण दिल्या होत्या आणि त्या त्याला शोभत होत्या.

पक्ष्यानं मान तिरकी केली, काचेत पाहिलं आणि खाडकन् चोच हाणली.

त्या आवाजानं गोपाळची बायको सुशीला स्वयंपाकघरातून धावत आली. "अगे बाये! ह्या काय? काच फोडता मरे तो! हाकलूक नाय जमणा तुमका?"

"गप रव गो. तो माका मारीत नाय. काचेत तेका दुसरो ककणेर दिसता. तेचो मुलूख घेवक इलेलो."

"मगे तेका सांगा तसा."

"सांगतलंय. तू आधी आवाज कमी कर."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पोदेराच्या मागोमाग. तिसऱ्या दिवशीही. येऊन आरशातल्या शत्रूला दहा-बारा तडाखे द्यायचे, दमायचं, पेरूवर बसून पिसं सारखी करायची आणि उडून जायचं. स्वप्नीलला काचेची चिंता पडली. बाहेरून गोणपाट बांधतो म्हणाला. गोपाळ त्याच्यावर असा खेकसला की स्वप्नील न जेवताच कामावर गेला. खरं सांगायचं तर गोपाळ आता पहाटेपासून पोदेराची वाट बघू लागला होता. इतक्या वर्षांत पावासाठी त्यानं एवढी वाट कधी पाहिली नव्हती. त्याला त्या पक्ष्याचं वेड लागलं होतं. एवढी मोठी चोच घेऊन तो गजावर इतका अलगद कसा टेकतो, हे त्याला पुन्हा पुन्हा बघायचं असे. टिपर रिव्हर्स घेताना त्याला स्वतःला कधी इतकं अलगद जमलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ककणेर आला तो चोचीत काहीतरी धरून. लाल, गोल. काचेतल्या शत्रूच्या चोचीतही तसंच लाल दिसल्यावर त्याचं डोकं फिरलं असावं. त्यानं तडाखा दिला आणि तोंडातली वस्तू सुटून खिडकीच्या कट्ट्यावर पडली.

"रूपाली!" गोपाळ ओरडला. "गो रूपाली! भायर जा! कट्ट्यार काय पडला ता हाड!"

रूपाली ही त्याची सून, धारगळची. माहेर हायवेला लागून, घरची शेती. हात कामाला चलाख आणि तोंड त्याहून. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि सासऱ्याच्या रागाला भीत नसलेलं घरातलं एकमेव माणूस तीच होती. ती बाहेर गेली आणि ओंजळीत फळ घेऊन आली. "मामा, कवंडळ!"

गोपाळनं ते हातात घेतलं. लाल सालीवर चोचीची एक खोल खूण होती, देठ ओला होता. तो अंगठ्यानं तो देठ चाचपत राहिला.

"ताजा असा," तो म्हणाला. "आज सकाळचा. खंयतरी वेल असा गो. जिती वेल असा."

"मगे ह्याच बांधूया मधी," रूपाली म्हणाली.

"उष्टां?" सुशीलानं कपाळाला हात लावला. "पाखराच्या तोंडातला देवाक? आणि घरच्या माणसान खुडलेला व्हया मरे! ह्यो ककणेर काय आमच्या घरचो?"

गोपाळला ते थोडं लागलं. चार दिवसांत ककणेर त्याला घरचाच वाटू लागला होता.

एवढं मात्र पक्कं झालं. वेल शोधायची. पक्षी जातो कुठं, हे खाटेवरून दिसत होतं. तो पेरूवरून उठला की अंगणाच्या उजव्या कोपऱ्यावरून, जुन्या डंपाच्या दिशेनं जाई. गोपाळनं हिशेब केला. डंपाच्या पलीकडं देवाची राय, म्हणजे देवाला सोडलेलं दाट रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही. वेल तिथंच असणार. स्वप्नीलला रजा चतुर्थीच्या आदल्या दिवशीची, आणि तसंही त्याला वेल आणि केबल यातला फरक कळला असता की नाही शंकाच. "मी जातंय," रूपाली म्हणाली. सुशीलानं भुवया वर केल्या. माटोळीचं रान घरच्या बायकांनी कधी केलं नव्हतं. पण नको असंही कुणी म्हणालं नाही.

रूपाली सकाळी गेली ती दुपार टळून गेल्यावर आली. पायांना जळवा लागलेल्या, साडीला काटे. घागऱ्यांच्या वाजणाऱ्या शेंगा आणल्या, कांगल्यांचे पिवळे झुपके आणले. कवंडळ नाही. "सगळी राय धुंडाळली मामा. एक पान नाय तेचा."

गोपाळ त्या संध्याकाळी जेवला नाही. चतुर्थी तीन दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी पोदेर गेला तेव्हा रूपाली खाटेच्या उशाशी येऊन उभी राहिली. ककणेर आला, भांडला, उडाला. ती खिडकीला नाक लावून त्याच्या मागं बघत राहिली. गोपाळला खाटेवरून दिसायचं त्याहून तिला पुढचं दिसत होतं.

"मामा, तो रायेत जाणाच नाय. डंपार बसता."

"दम खावक बसत असतलो."

"दम कसलो? हयसून थंय दोन पावलां. तेका थंय खावक गावता."

"डंपार?" गोपाळ भडकला. "डंपार काय येतला? माती नाय ती, रिजेक्शन! मी ओतलेला असा, माका नको शिकवू. तेच्यात तण धरणा नाय, कवंडळ खंयसून येतला?"

"तुमी ओतल्यार किती वर्सां झाली?" रूपालीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आकडीची काठी घेऊन ती निघून गेली.

गोपाळ एकटाच पडून राहिला आणि स्वतःशी पुटपुटत राहिला. डंपाला तो जन्मभर मेलेली जागा समजत आला होता. खाण बंद पडल्यावर तो तिकडं एकदाही फिरकला नव्हता. लांबून कुणी तरी लावलेली आकेशियाची झाडं दिसत, तेवढीच. बघायला जावं असं त्याला कधी वाटलं नाही. जाववलं नाही, हे जास्त खरं.

तासाभरानं फोन वाजला. रूपालीचा व्हिडिओ कॉल. आधी फक्त तिची हनुवटी दिसली, मग लाल माती, मग झाडांचे बुंधे.

"मामा, दिसता?"

दिसत होतं. एका आकेशियाला खालपासून शेंड्यापर्यंत वेलीनं विळखा घातला होता आणि त्या हिरव्या गर्दीत लाल फळं लोंबत होती. एक नाही, दोन नाही, जिथं फोन फिरेल तिथं. फोन मागं वळला तेव्हा मोडका सिमेंटचा खांब दिसला, आणि गोपाळनं जागा ओळखली. त्या खांबापाशी टिपर मागं घ्यायचा, बॉडी उचलायची, ओतायचं आणि निघायचं. शिफ्टमागून शिफ्ट त्यानं तेच केलं होतं. वेल बरोबर त्याच ढिगावर उभी होती.

"आणि ह्या बघा," रूपालीनं फोन जमिनीकडं नेला. झाडाखाली पक्ष्यांच्या शिटेचे पांढरे डाग होते, तिच्यात काळ्या बिया, आणि कडेनं इवलीइवली रोपं. कवंडळाची, उंबराची, आणखी कशाकशाची. वर कुठंतरी कलकलाट झाला. "चार असत वयर. आपलो तेंच्यातलोच एक असतलो. हय ह्या कोणी लायला मामा? कंपनीन?"

गोपाळला उत्तर माहीत होतं. जो डोंगर त्यानं टिपर भरभरून इथं आणून मारला होता, तो हे पाखरू एकेक बी टाकून पुन्हा उठवत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, शिफ्ट नव्हती, की वर मुकादम नव्हता. त्याला त्या पक्ष्यापुढं फार लहान वाटलं. आणि गंमत अशी की लहान वाटून बरं वाटलं.

"मामा? आयकतास मां?"

"आयकतंय," तो कसाबसा म्हणाला. "एकच खुड. देठासकट. बाकी तेंका ठेव."

त्या दिवशी स्वप्नील कामावरून आल्या आल्या गोपाळनं त्याला खिडकीची काच पूर्ण सरकवायला लावली. "पावस आत येतलो बाबा," स्वप्नील म्हणाला. "येवंदे. तेचो दुश्मन तरी जातलो." दुसऱ्या सकाळी ककणेर गजावर उतरला आणि चोच उगारून थबकला. समोर शत्रू नव्हताच. प्लास्टरमधला पाय उशीवर टाकलेला एक म्हातारा होता. मधे काच नव्हती, काही नव्हतं. लाल डोळा एकदा ह्या बाजूनं, मान वळवून एकदा त्या बाजूनं, त्यानं गोपाळला नीट न्याहाळलं. गोपाळनं खाटेवर पडल्या पडल्या हात जोडले. लाज वाटायचं कारण नव्हतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पक्षी थोडा वेळ बसला आणि न भांडता उडून गेला.

त्याच संध्याकाळी दत्तप्रसाद बाजारातल्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन आला. बाजाराचं असलं तरी सगळं ताजं होतं, आणि भावानं मनापासून आणलेलं होतं. गोपाळनंही त्याला नावं ठेवली नाहीत. खुर्चीवर बसून त्यानं काय कुठं बांधायचं ते सांगितलं, आणि दत्तप्रसाद आणि स्वप्नील बांधत गेले. शेवटी मधली जागा उरली. दत्तप्रसादनं ताटातलं कवंडळ उचललं.

"ता ठेव," गोपाळ म्हणाला. "जेना खुडला तेनाच बांधूचा. रूपाली, स्टुलार चड."

गवसांच्या घरात माटोळीला बाईचा हात आजवर लागला नव्हता. दत्तप्रसादनं वहिनीकडं पाहिलं. सुशीलानं नवऱ्याकडं पाहिलं, मग सुनेच्या पायांवर जळवांनी ठेवलेल्या डागांकडं, आणि स्वतः जाऊन स्टूल धरलं. रूपाली चढली. केवणीच्या सालीचा दोर तिच्या हातात नीट बसेना. गोपाळ खालून सांगत राहिला, देठाखालून घे, आवळू नको, आता वयर काढ. ही गाठ त्याच्या बापानं त्याला शिकवली होती. ती आता आपल्या हातून गेली हे त्याला कळलं, थोडं दुखलंही, आणि कवंडळ मूर्तीच्या जागेच्या बरोबर वर डोलू लागलं तसं दुखायचं थांबलं.

चतुर्थीला पूजा झाली, आरती झाली, आणि गाऱ्हाणं घालायला सगळे उभे राहिले. गाऱ्हाणं घरातल्या मोठ्यानं घालायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. स्वप्नीलच्या खांद्याचा आधार घेऊन गोपाळ एका पायावर उभा राहिला.

"देवा म्हाराजा! ह्या गवसांच्या घरात लेकराबाळांनी जी काय वाकडीतिकडी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दत्तान बाजार हाडल्यान, सुशीलान रांधल्यान, रूपालीन मधला कवंडळ खुडून बांधल्यान, सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथं गाऱ्हाणं संपायचं. माणसं हात खाली घेऊ लागली. पण गोपाळचे हात जोडलेलेच होते.

"आणि म्हाराजा, तुझो डोंगर टिपरात भरून न्हेलो, तो मीच. ती वेल टिपरात दिसली होती माका. थांबलंय नाय."

ह्याला होकार कसा भरायचा ते कुणाला कळेना. दत्तप्रसाद जमिनीकडं बघू लागला. मग सुशीला, नवऱ्याकडं न बघता, हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

गोपाळ थांबला नाही. "मी डोंगर हाडून मारलो थंय ज्या पाखरान बी टाकून रान उबा केल्यान, तेका पोराबाळांसकट राख. तेच्या पोटाक कमी पडा देव नको. आणि माझो पाय बरो झालो काय, माका तेच्या हाताखाली कामाक लाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले, आणि त्यात रूपालीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.